तिसऱ्या तऱ्हेची झोप

आमची नातसून हाकेला ओ देत नाही. एक मारा, चार मारा. कानांत पांढरी बोंडं, डोळे पडद्यावर, हात कळफलकावर नुसते ठेवलेले. बघणाऱ्याला वाटावं, परातीत हात घालून बाई कणीक मळायची विसरली. पुढ्यातल्या चहावर साय धरली की मान वळवून विचारणार, "आजी, काही म्हणालात का?"

माझ्या हाकेला या घरात बैलानं कान हलवले आहेत. तलाठी मोटारसायकलवरून खाली उतरला आहे. सासरे होते तोवर मी आवाज चढवला नाही आणि ते गेल्यावर उतरवला नाही. शाळा म्हणाल तर दुसरी, तीही अर्धी. पण घर मी चालवलं, मळा मी चालवला. अशा बाईच्या घरात ही देवयानी आली. नाशिकची. माझ्या थोरल्याचा विश्वजित, त्याची बायको. विश्वजित समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करतो आणि महिना-महिना पाण्यावर राहतो. ही मात्र इथं, जालन्याच्या पलीकडं आमच्या गावात, रेशमाच्या जुन्या शेडमध्ये टेबल टाकून बसते आणि तिथूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करते.

काम काय, तर यंत्राला झोपवायचं.

मी चेष्टा करत नाही. शेजारची सरूबाई एकदा विचारायला आली, "द्वारकाकाकू, नातसून काय करती वं दिवसभर?"

"यंत्रं झोपवती."

"अंगाई म्हणून?"

"अंगाई म्हणली असती तर तेवढाच तिचा आवाज तरी कानावर पडला असता," मी म्हटलं.

पण ही यंत्राची झोप आमच्या घरात उगीच शिरली नाही. ती ह्यांच्या छातीतून शिरली.

ह्यांचं नाव रंगनाथ. लिहायला हरकत नाही, तोंडानं मात्र ते मी लग्नातल्या उखाण्यानंतर घेतलेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात ह्यांना मेंदूचा झटका आला. हात परत आला, पाय परत आला, बोलणं तर पहिल्यापेक्षा जास्तच आलं. एक गोष्ट आली नाही. जालन्याच्या डॉक्टरीणबाई, पाटोळे मॅडम, त्यांनी कागदावर डोकं काढून मला समजावलं. माणूस जागा असतो तेव्हा श्वासाच्या कामाला मेंदूत बरेच जण हात लावतात. झोप लागली की सगळे हात काढून घेतात. मग मेंदूच्या देठाशी एक बारीकशी गाठ आहे, ती एकटी रात्रभर गाडा ओढते. ह्यांची तीच गाठ गेली होती. जागेपणी काही तक्रार नाही. झोपले की छाती थांबते.

"म्हणजे माणसानं झोपायचंच नाही?" मी विचारलं.

"झोपायचं, पण श्वासाची आठवण कुणीतरी करून द्यायची," मॅडम म्हणाल्या.

ती आठवण करून द्यायला ह्यांच्या गळ्याखालच्या हासळीच्या हाडाखाली चिंचोक्याएवढं यंत्र बसवलं. त्याची तार एका शिरेपाशी जाते. ती शीर पोटाच्या वरचा पडदा ओढते, पडदा ओढला की श्वास. ह्यांना झोप लागलेली दिसली की यंत्रानं त्या शिरेला बारीक चिमटा काढायचा, श्वासामागून श्वास, जाग येईपर्यंत. पूर्वी अशा यंत्राला बाहेरून पेटी लावावी लागायची. हे नवं यंत्र अंगाच्या उबेवर चालतं. पण अंगाच्या उबेवर चालणाऱ्याला मिळून मिळून किती मिळणार? म्हणून काम नसेल तेव्हा यंत्रानं स्वतःच झोपायचं. उगीच जागं राहिलं तर उपाशी पडतं, आणि ते उपाशी पडलं तर माझं कुंकू पुसतं.

यंत्राची ती झोप देवयानीनं लिहिलेली. तिच्याच कंपनीचं यंत्र, म्हणून ह्यांचा नंबर पहिल्या थोड्या माणसांत लागला, आणि म्हणूनच ती शहर सोडून आमच्याकडं राहायला आली. हे मला माहीत होतं. माहीत असलं म्हणजे सारखं बोलून दाखवलंच पाहिजे असं नाही.

एकदा मी चुलीपाशी दूध तापवत उभी होते तेव्हा ती आपण होऊन आत आली. म्हटलं, "आज वाट चुकली का?"

"आजी, मी काय काम करते ते सांगू?"

"सांग. दूध उतू जायच्या आत सांग."

तिनं सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. यंत्राच्या आत एक कारभारी असतो. त्याच्या हाताखाली बरीच कामं. एक काम माणूस जागा आहे का झोपला ते बघतं, एक चिमटा काढतं, एक फोनला निरोप देतं. ज्या कामाला सध्या काही करायचं नाही, ते कारभाऱ्याला म्हणतं, मी एवढा वेळ झोपतो, मग मला उठव. कारभारी त्याला रांगेतून बाजूला करतो आणि घड्याळाला बजावून ठेवतो. सगळेच झोपले तर कारभारीही झोपतो. मग घड्याळ तेवढं जागं.

"हे 'मला उठव' कसं सांगायचं, ते मी लिहिते," ती म्हणाली. "चार-पाच ओळींचंच असतं. पण सगळी कामं तेच वापरणार, म्हणून ते सोपं पाहिजे. घाईत वापरणाऱ्यालाही चुकवता येऊ नये इतकं सोपं."

"आणि थोडाच वेळ थांबायचं असलं तर?"

"तर झोपायचंच नाही. बघत उभं राहायचं. तुम्ही आत्ता दुधापाशी उभ्या आहात तसं. पण एरवीही कुणी तसंच बघत उभं राहिलं, तर ते काम दमतं आणि बाकीच्यांच्या वाटणीचंही खाऊन टाकतं."

हे ती माझ्या डोळ्यांकडं बघत म्हणाली. यंत्र बसवल्यापासून माझी नजर ह्यांच्या छातीवरून हलली नव्हती. ते झोपले की मी बाजूला बसायची आणि छाती वर आली, खाली गेली, बघत राहायची. माझं जेवण उभ्या उभ्या, झोप बसल्या बसल्या. ते तिनं पाहिलं होतं तर. कानांतच बोंडं असतात, डोळ्यांत नाहीत.

"आणखी एक," ती म्हणाली. "नेमकी वेळ सांगायची नाही. अमक्यापासून तमक्यापर्यंत केव्हाही उठव, असं म्हणायचं. म्हणजे कारभाऱ्याला दोघा-तिघांना एकदम उठवता येतं. प्रत्येकासाठी वेगळं उठावं लागत नाही."

हे मात्र मला पटकन कळलं, कारण आमच्या शेडचा सगळा संसार याच चालीवर चालला होता.

तुम्ही रेशमाची अळी पाहिली नसेल. आता कुणी पाळत नाही, रेशीम टाक्यांत होतं म्हणतात, ताकासारखं. आमच्या वेळी ते जिवंत होतं. अळी जन्मात चार झोपा घेते. खाता खाता एकदम थांबते, मान वर करते नि दगडासारखी होते. आत जुनी कात सुटत असते. तेव्हा तिला पाला टाकायचा नाही, हात लावायचा नाही. वरून चुन्याची पावडर भुरभुरवायची, म्हणजे बिछाना कोरडा राहतो, आणि शेडचं दार ओढून घ्यायचं. उठतानाही सगळ्या एकदम उठत नाहीत. पहिल्या काही उठतात नि भुकेनं माना हलवतात. त्यांची दया येऊन पाला टाकलात तर संपलं. त्या पुढं जातात, उशिरा उठलेल्या मागं राहतात, आणि शेवटाला एकीकडं कोष विणणं चाललंय नि दुसरीकडं खाणं चाललंय, अशी सगळ्या बॅचची फजिती होते. म्हणून थांबायचं. बहुतेक सगळ्या उठल्या की मगच पाला.

ह्यांना ते थांबणं जमायचं नाही. "दोन फांद्या टाकू का गं? बिचाऱ्या बघायल्या माझ्याकडं," म्हणायचे. मी दाराला पाठ लावून उभी राहायची.

चौथ्या झोपेतून उठल्या की मात्र त्या खायला लागायच्या आणि थांबायच्याच नाहीत. दिवसरात्र पाला. शेडमध्ये शिरलं की खाण्याचा आवाज यायचा, पत्र्यावर बारीक सर लागून राहावी तसा. तुतीच्या पाल्याचा ओला वास, चुन्याचा कोरडा वास, आणि तो आवाज. मी तेव्हा तिशीतली, हे चाळिशीला टेकलेले. अंगात बळ होतं. पाल्याच्या दोन घासांच्या मधे हे तिथंच, रॅकखालच्या गोणपाटावर पडायचे. पडले की झोपले. मधे काही नाही. डोकं टेकायच्या आधीच अर्धे झोपलेले असायचे. पाल्याची वेळ झाली की मी उठवायची. नाव घ्यायचं नाही, आणि दारात सासरे बसलेले, म्हणून हात लावायचा नाही. मग मी घमेलं उचलायची नि त्याच्या काठावर बांगड्या वाजवायची. छन्न. एवढ्यावर हे उठून उभे. बैलगाडी शेजारून गेली तर जाग यायची नाही, थोरला रडला तर यायची नाही, पण त्या बांगड्यांना यायची.

असं बरंच काही मला दुधापाशी आठवलं, आणि दूध उतू गेलं. ते मी देवयानीच्या नावावर घातलं.

पातेलं उतरवून मी तिला विचारलं, "झोपलेल्या कामाला मधेच कुणी हाक मारली तर ते उठतं का?"

"दोन तऱ्हा आहेत. पहिली, कुठल्याही हाकेला उठते. दुसरी, वेळ भरेपर्यंत काहीही झालं तरी उठत नाही."

"दुसरी तऱ्हा माझ्या घरात नको," मी म्हटलं. "ओ न देणारं एक माणूस पुरे झालं."

ती हसली. ह्यांच्या यंत्रात पहिली तऱ्हाच होती. पण हे पडले बडबडे. बोलले की यंत्र उठायचं, खोकले की उठायचं, हसले की उठायचं, मिक्सर लागला तरी उठायचं, इकडं तिकडं बघून परत झोपायचं. दिवस मावळायच्या आत त्याची सगळी ऊब खर्च व्हायची, देवयानीचा फोन बोंबलायचा, आणि मग ह्यांच्या तोंडाला हवा ढकलणारा मुखवटा नि त्याची घरघरणारी पेटी. मुखवटा लावला की हे भोंग्यातून बोलल्यासारखे म्हणायचे, "हसलो म्हणून शिक्षा झाली बघ." तसं तीन-चारदा झाल्यावर देवयानीनं कंपनीला आणि पाटोळे मॅडमला विचारून दुसरी तऱ्हा घातली. मला विचारलं नाही.

दुसरीचा हिशेब असा होता. हे जागे दिसले की यंत्रानं चहा होऊन पिऊन व्हावा एवढा वेळ गाढ झोपायचं, मग उठून परत बघायचं. तेवढ्यात हे झोपी गेले तर? जात नाहीत. माणसाला डोळे मिटल्यापासून झोप लागेपर्यंत तेवढा वेळ लागतोच, असं खूप माणसांना तारा लावून, तपासून ठरवलेलं होतं. आणि चाललंही. मुखवटा फडक्यात गुंडाळून फळीवर गेला. हे खुशाल हसायला लागले. मी दुसऱ्या तऱ्हेबद्दल पुन्हा काही बोलले नाही.

मग चिंचांचे दिवस आले. दुपारची वेळ. शेडच्या ओसरीत हे बाजेवर टेकलेले, मी खाली बसून घमेल्यात चिंचा फोडत होते. देवयानी आत टेबलाशी. आमचं बोलणं चाललं होतं, जालन्याच्या कोषबाजारात एकदा ह्यांच्या पांढऱ्याशुभ्र कोषांना सगळ्यांत चांगला भाव फुटला होता त्याचं.

"तो व्यापारी कुठला होता गं?" हे म्हणाले.

"बंगळूरकडचा."

"त्यानं कोष कानापाशी धरून असा हलवला, आणि मला म्हणतो..."

पुढं काही नाही. मला वाटलं, आठवतायत. चिंचोका काढून टाकला, वर बघितलं. डोळे मिटलेले, तोंडावर ते व्यापाऱ्याचं हसू तसंच, आणि छाती थांबलेली.

मी बघत राहिले. आता उठेल ते चिंचोक्याएवढं, आता चिमटा काढेल. छाती हलेना. मी हाक मारली, "देवयानी." ओ नाही. परत मारली. गावाच्या वेशीपर्यंत जाईल अशी मारली. आत बोट हललं नाही. ह्यांच्या ओठांचा रंग जांभळाकडं झुकायला लागला, आणि मग मला काही सुचलं म्हणून नव्हे, तर हात आपोआप गेला. चिंचा ओतल्या, घमेलं उचललं नि काठावर बांगड्या मारल्या.

ह्यांनी डोळे उघडले. मोठा श्वास घेतला. म्हणाले, "...मला म्हणतो, पाटील, या कोषात अळी नाही, चांदी आहे."

घमेल्याच्या आवाजाला म्हणा किंवा कशाला म्हणा, देवयानी दारात येऊन उभी होती. कानांतली बोंडं हातात. मी तिला जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. एवढं लिहिते, की तू आणि तुझं यंत्र एका वळणाचे आहात, माणूस मेला तरी वेळ भरल्याशिवाय उठायचे नाहीत, असं मी म्हटलं. तिनं ऐकून घेतलं. ह्यांच्या बोटाला चिमटा लावून प्राणवायूचा आकडा बघितला, मॅडमना फोन लावला, आणि मग माझ्यासमोर त्या सांडलेल्या चिंचांतच खाली बसली.

"आजी, आजोबा नेहमीच असे झोपतात? बोलता बोलता? एकदम?"

"मग पुरुष माणसं कशी झोपतात?"

मला खरंच तसं वाटायचं. मी आयुष्यात दुसऱ्या पुरुषाला झोपताना कशाला बघितलं असेल. मग तिनं एकेक विचारलं आणि मी शेडचं सगळं सांगितलं, गोणपाट, दोन घासांमधली झोप, बांगड्या. तिनं काही लिहून घेतलं नाही. नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तारा लावून तपासलेल्या माणसांत रेशीमवाला कुणी नव्हता."

"त्यात तुझी काय चूक," असं हे बाजेवरून म्हणाले. मी चिंचा वेचायला लागले.

त्या दिवसापासून ह्यांना दिवसा पडायची बंदी झाली. रात्री पुन्हा मुखवटा. आणि माझं बघत बसणं आता दिवसरात्रीचं झालं, कारण ह्यांची झोप बंदी ऐकणारी नव्हती. देवयानी शेडमधून बाहेर येईना. पण बोंडं कानांतून गेली, आणि टेबल तिनं दाराकडं तोंड करून फिरवलं. हाक मारली की आता मान वर यायची. ओ तरीही यायची नाही. मान यायची.

पुढं एकदा ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "आजी, तिसरी तऱ्हा करते आहे. झोपायचं गाढ. बोलणं, खोकणं, हसणं, कशालाही उठायचं नाही. फक्त जिवावरची एकच हाक ऐकायची. छाती थांबल्याची."

"ती हाक मारणार कोण?"

"यंत्रात एक पातळ पट्टी आहे. छाती हलली की ती वाकते, आणि वाकण्यातूनच तिला लागेल तेवढं बळ मिळतं. बाकी सगळे झोपले तरी ती जागी राहू शकते. छाती ठरल्यापेक्षा जास्त वेळ हलली नाही, की ती कारभाऱ्याला धक्का देईल, आणि कारभारी वेळ भरायची वाट न बघता काम उठवेल. पट्टी आधीही होतीच. पण पहिल्या तऱ्हेत तिच्या एका हाकेबरोबर बाकीच्या शंभर हाकाही उठवायच्या, आणि दुसरी तऱ्हा कुणाचीच ऐकत नव्हती."

"मग हे आधी का नाही केलंस?"

"मला वाटलं, दोन पुरतील. तऱ्हा जितक्या कमी, तितक्या वापरणाऱ्याच्या चुका कमी." मग म्हणाली, "तिसरी आणल्यावर कुणी ती नको तिथं वापरेल, याची मला अजून भीती वाटते. पण आजोबांचं तिच्यावाचून भागणार नाही."

मला ते उत्तर आवडलं. मी तसं सांगितलं नाही.

कंपनीनं होकार द्यायला वेळ लावला, मॅडमनी त्याहून जास्त लावला. शेवटी एका दुपारी मॅडम स्वतः आल्या, बॅग, नळी, हवेची टाकी घेऊन. ह्यांना शेडमध्ये बाजेवर निजवलं. बोटाला चिमटा, आकडा पडद्यावर. आकडा ठरलेल्या रेघेखाली गेला तर मॅडम म्हणतील आणि मी बांगड्या वाजवायच्या, असं ठरलं. तोवर कुणी हलायचं नाही.

"झोपा आता," मॅडम म्हणाल्या.

आणि ह्यांना झोप येईना. तीन बाया छातीकडं टक लावून बसल्यावर कुणाला येईल. कूस बदलली, पाणी मागितलं, मॅडमना त्यांचं माहेर विचारलं. जन्मभर नको तिथं झोपलेला माणूस, झोप म्हटल्यावर टक्क जागा.

देवयानीनं मला विचारलं, "तेव्हा शेडमध्ये कशावर झोपायचे?"

"कशावर म्हणजे, गोणपाटावर. त्या आवाजात."

"माझ्या जुन्या मोबाईलात आहे की तो आवाज," हे बाजेवरून म्हणाले. "शेवटच्या बॅचचा."

मला ठाऊक नव्हतं. देवयानीनं तो मोबाईल कपाटातून शोधला, त्याला कुठून कुठून तारा जोडून जिवंत केलं आणि आवाज तिच्या स्पीकरच्या डब्यावर लावला.

आधी नुसती खरखर. मग ती सर आली. बारीक, लागून राहिलेली, सगळ्या पत्र्यावर सारखी. रिकामे रॅक भरल्यासारखे वाटले. मला तुतीचा वास आला, देवाशपथ आला, शेडमध्ये गेल्या कित्येक वर्षांत तुतीचं पान आलेलं नाही तरी. शेवटची बॅच आम्ही अर्ध्याच अंड्यांची घेतली होती. भाव पडला होता, थोरला म्हणाला होता आता पुरे. कोष काढून झाल्यावर ह्यांनी रॅक पुसून ठेवले होते, पुढच्या बॅचला लागतील म्हणून. हे त्या आवाजात कधी फोन धरून उभे राहिले असतील, मला दिसलंच नव्हतं.

मी ह्यांच्याकडं वळले तर हे झोपलेले. छाती थांबली.

माझा हात घमेल्याकडं गेला. देवयानीनं माझं मनगट धरलं. हळू नाही, घट्ट धरलं, बांगड्या मुठीत आवळून, की एकही किणकिणू नये. आजवर माझं मनगट असं कुणी धरलेलं नाही. मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. ह्यांच्या छातीकडं बघत होती आणि तिचा स्वतःचाही श्वास थांबलेला होता. आकडा एकेक उतरत होता. मॅडमची नजर रेघेवर. अळ्या खात होत्या. मी मनात म्हटलं, ऊठ मेल्या चिंचोक्या.

छाती वर आली.

थोडी वर आली, खाली गेली. परत वर आली. आकडा थांबला नि चढायला लागला. मॅडम खुर्चीला टेकल्या. देवयानीनं माझं मनगट सोडलं नाही, आणि मीही ओढून घेतलं नाही. कितीतरी वेळ आम्ही ह्यांचं वर-खाली बघत बसलो. ह्यांच्या तोंडावर तेच गोणपाटावरचं हसू होतं.

आवाजाचा शेवट जवळ आला असावा. त्या सरीत एकदम कुठूनतरी छन्न झालं. घमेल्याच्या काठावर बांगड्या. माझ्याच. तेव्हाच्या, भरल्या हाताच्या. आणि मागं माझाच आवाज, केवढा खणखणीत, "काय करताय फोन धरून? पाला कोण टाकणार?"

ह्यांनी डोळे उघडले. वर पत्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"झाली का गं वेळ पाल्याची?"

"नाही," मी म्हटलं. "अजून सगळ्या उठल्या नाहीत. झोपा तुम्ही."

ते झोपले. छाती चालू राहिली.

देवयानी उठून आवाज बंद करायला गेली. मी म्हटलं, राहू दे, परत पहिल्यापासून लाव. तिनं लावला. मॅडमना चहा झाला, त्या कागदांवर सह्या करून गेल्या. मी ओसरीत आले, आणि बाहेर आल्यावर माझ्या पायांना कळलं की त्यांना किती दिवसांची झोप राहिली आहे. देवयानी मागं येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. तिची ती सवयच आहे. मीच बोलले.

"काम तुझं चोख आहे, देवयानी. वागणं नाही. हाकेला ओ न देणारी सून मी या घरात चालवून घेतली नसती, तुला घेते, कारण जिवावरच्या वेळी तू माझा हात धरलास आणि मला भ्यायली नाहीस. आता मी आत जाऊन झोपते. दूध उतू गेलं तरी मला उठवायचं नाही. सरूबाई आली तरी नाही, विश्वजितचा फोन आला तरी नाही. ह्यांच्या छातीचं काही असेल तरच उठव. आणि तेव्हा हाका मारत बसू नकोस, तुझ्या घशातून आवाज निघायचा नाही. हातात तुझ्या बांगड्या नाहीत. घमेल्यावर चमचा वाजव. मी उठेन."